हिरवे मणी, लाल मणी

बंगळुरूहून म्हैसूरच्या रस्त्याला लागलं की पन्नासेक किलोमीटरवर रामनगर येतं. ते मोठमोठे खडक दिसले की गाडीतलं कुणीतरी "शोले!" म्हणून ओरडतंच. १९७५ सालच्या सिनेमातलं रामगढ ते हेच. ज्यांना सिनेमाचं वेड नाही ते इथल्या रेशीमकोशांच्या बाजाराबद्दल बोलतात. मला मात्र रामनगर म्हटलं की मण्यांची एक माळ आठवते.

गोष्ट १९५२च्या आसपासची. स्वातंत्र्य नवं, लोकसंख्येची काळजी मोठी. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सरकारी पातळीवर हाती घेणारा भारत हा जगातला पहिला देश. पण आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या शिष्या. साधनं, रबर, औषधं हे त्यांना पसंत नव्हतं. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेकडे मदत मागितली ती फक्त एका पद्धतीसाठी, 'सुरक्षित दिवसां'च्या. अमेरिकेतून डॉ. अब्राहम स्टोन आले. प्रयोगासाठी दोन जागा निवडल्या, दिल्लीतली लोदी कॉलनी आणि आपलं रामनगर.

इथल्या बायकांना कॅलेंडर वाचायची सवय नव्हती, म्हणून त्यांना माळा दिल्या. हिरवा मणी म्हणजे सुरक्षित दिवस, लाल मणी म्हणजे मूल राहू शकेल असा दिवस. पाळी आली की सुरुवात करायची आणि रोज एक मणी सरकवायचा. कल्पना किती साधी आणि किती सुंदर! पण माळ चालली नाही. काही जणींना वाटलं, मणी सरकवले की झालं, बाकी काही पाळायची गरज नाही. काही जणींना ती घालायचीच लाज, कारण गळ्यात माळ दिसली की सगळ्या गल्लीला कळणार. आणि ज्यांच्या पाळीचा काही नेम नव्हता, त्यांच्यासाठी माळ ओवायची तरी कशी, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मी जीवशास्त्राची शिक्षिका. बेळगावात वाढले, लग्नानंतर बंगळुरूला आले आणि मल्लेश्वरमच्या आसपासच माझी सगळी नोकरी झाली. दहावीला प्रजननाचा धडा आला की बरेच शिक्षक "हे घरी वाचा" म्हणून पान उलटतात. मी पान उलटत नसे. रामनगरच्या माळेपासून सुरुवात करत असे. मुलं आधी हसायची आणि मग ऐकायची. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता ही गोष्ट माझ्यापुरती संपली. पण गेल्या पावसाळ्यात माझी भाची तीच माळ घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. तिची माळ फोनमध्ये होती, एवढाच फरक.

ती चोवीस वर्षांची. टिळकवाडीतल्या माझ्या ताईची धाकटी. व्हाइटफील्डला एका कंपनीत आहे, पीजीत राहते, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी असते. एक मुलगा आहे, चांगला आहे, एवढंच तिने मला सांगितलं होतं आणि मीही जास्त विचारलं नव्हतं. गुरुवारी रात्री उशिरा तिचा मेसेज आला, "मावशी, ॲप चुकू शकतं का?" मी लिहिलं, "चुकू शकतं. शनिवारी ये."

शनिवारी ती व्हाइटफील्डहून मेट्रोने आली, मॅजेस्टिकला गाडी बदलून. कॉफी झाली, उप्पीट झालं, पावसाबद्दल बोलून झालं. मग तिने फोन माझ्यासमोर ठेवला. पडद्यावर गोल होता. काही दिवस गुलाबी, काही हिरवट. पाळीच्या बाविसाव्या दिवसावर बोट ठेवून म्हणाली, "हा दिवस. त्याच्याकडे काही साधन नव्हतं. ॲप म्हणालं, शक्यता कमी. आणि आता पाळी पाच दिवस पुढे गेलीय."

रागावण्यात काही अर्थ नव्हता. चोवीस वर्षांच्या मुलीला, तिने विचारल्यावर, रागवायचं कशासाठी? मी वही-पेन घेतलं.

"मागच्या सहा पाळ्यांची अंतरं सांग."

तिने फोनमधून वाचून दाखवली. २८, ३१, २६, ३३, २९, ३८.

हा भाग जरा सावकाश वाचा. तुमच्या घरात पाळी येणारी कुणी असेल तर, आणि नसेल तरीही.

पाळी आल्यापासून चौदाव्या दिवशी बीज सुटतं असं आपण पाठ केलेलं असतं. ते अठ्ठावीस दिवसांच्या पाळीसाठी ठीक, आणि तेही ढोबळ. खरा हिशेब उलट्या बाजूने लागतो. १९२०च्या दशकात जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे तो मांडला. बीज सुटतं ते साधारणपणे पुढची पाळी येण्याच्या चौदा दिवस आधी, दोन दिवस इकडे-तिकडे. म्हणजे पाळी ३८ दिवसांनी आली असेल तर बीज चोविसाव्या दिवसाच्या सुमाराला सुटलेलं असणार. बीज जगतं फार तर एक दिवस. पण पुरुषाचे शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून मूल राहू शकेल असे दिवस साधारण सहा, बीज सुटण्याच्या आधीचे पाच आणि सुटण्याचा तो एक.

आता गंमत बघा. पुढची पाळी कधी येईल हे आज कुणालाच माहीत नसतं. ॲपलाही नाही. ॲप मागच्या पाळ्यांची सरासरी काढतं. भाचीची सरासरी आली ३१. म्हणजे बीज सतराव्या दिवशी, धोक्याचे दिवस बारा ते सतरा. बाविसावा दिवस ॲपच्या दृष्टीने कधीच सुरक्षित झाला होता. पण तिची या वेळची पाळी ३८ दिवसांची निघाली, तर धोक्याचे दिवस एकोणीस ते चोवीस. बावीस अगदी मधोमध.

ओगिनो-क्नाउसचा जुना हिशेब ॲपपेक्षा भित्रा आहे, आणि म्हणूनच जास्त प्रामाणिक. सगळ्यात छोट्या पाळीतून अठरा वजा करा, सगळ्यात लांबलेल्या पाळीतून अकरा. भाचीचं उत्तर आलं आठ ते सत्तावीस. म्हणजे आठव्या दिवसापासून सत्ताविसाव्यापर्यंत प्रत्येक मणी लाल.

ती वहीकडे बघत राहिली. "मग सुरक्षित राहिलं काय?"

"तुझ्या पाळीत? फारसं काही नाही."

हे फक्त तिचंच नव्हतं. अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांच्या रोजच्या लघवीच्या तपासण्या करून हे दिवस मोजले. २०००मध्ये त्यांनी छापलं की धोक्याचे सगळे दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसाच्या आत बसतात अशा बायका फक्त तीस टक्क्यांच्या आसपास. बाकीच्यांचं लवकर तरी होतं, उशिरा तरी. ताप, प्रवास, परीक्षा, रात्रपाळी, वजन एकदम कमी-जास्त होणं, यातल्या कशानेही बीज सुटायला उशीर होऊ शकतो. आणि तो उशीर त्या वेळी कळत नाही. पाळी लांबल्यावर मागे वळून बघितलं की कळतो.

रामनगरच्या माळेची एक नात आज आहेही. पन्नासएक वर्षांनी अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठात नवी माळ तयार झाली. आपल्याकडे ती माला चक्र नावाने आली. बत्तीस मणी, आठव्या ते एकोणिसाव्या दिवसाचे पांढरे मणी म्हणजे सावधगिरीचे. पण तिची अट पहिल्याच ओळीत असते. पाळी कायम २६ ते ३२ दिवसांच्या आत येणाऱ्या बाईनेच ती वापरायची. पूर्ण नियमाने वापरली तरी वर्षाला शंभरातल्या पाच जणींना दिवस राहतात, आणि नेहमीच्या माणसासारखी वापरली तर बारा जणींना. माळ बनवणाऱ्यांनी हे लिहून ठेवलं. फोनमधली माळ मात्र सगळ्यांच्या गळ्यात सारखीच पडते.

"तू तेव्हा लगेच गोळी का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"ॲप म्हणालं ना कमी शक्यता."

तातडीची गोळी म्हणतात ती ही. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची आणि जितकी लवकर तितकी बरी. ती बीज सुटणं लांबवते. बीज आधीच सुटलं असेल तर तिचा फारसा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. हा गैरसमज अजून घट्ट आहे, शिकल्यासवरल्या घरांतसुद्धा. ती दर महिन्याची गोळी नव्हे. ती घेतल्यावर पुढची पाळी पुढे-मागे होऊ शकते, त्यामुळे ॲपचा हिशेब आणखी बिघडतो. याहून खात्रीचा तातडीचा उपाय म्हणजे पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणं. ते आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

पण ती वेळ गेली होती. आता चाचणी.

मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पट्टी आणली. दुकानदार ओळखीचा. माझे पांढरे केस बघून त्याने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळायचं की नाही याचा क्षणभर विचार केला आणि शेवटी गुंडाळलंच. रविवारी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी केली. एकच रेघ.

भाचीने मोठा श्वास सोडला. मला तिला थांबवावं लागलं. पट्टी एचसीजी नावाचं संप्रेरक शोधते, आणि ते गर्भ गर्भाशयात रुजल्यावरच तयार व्हायला लागतं. बीज उशिरा सुटलं असेल तर रुजणंही उशिरा. पाळी लांबली म्हणून पट्टी खरं बोलेल असं नाही, दिवस संबंधापासून मोजायचे. संबंधानंतर एकवीस दिवसांनी केलेल्या चाचणीवर भरवसा ठेवता येतो. बाविसाव्या दिवसात एकवीस मिळवले, त्रेचाळीस. म्हणजे येता शुक्रवार.

ते पाच दिवस ती माझ्याकडेच राहिली. लॅपटॉप आमच्या देवघराशेजारच्या टेबलावर. बोलायला वेळ खूप होता, आणि काय बोलायचं हे दोघींनाही माहीत होतं. सोमवारी रात्री भांडी घासताना तिने विचारलं, "समजा असलं तर?"

मी तिला कायदा सांगितला. गर्भपाताचा कायदा १९७१चा, त्यात २०२१मध्ये दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवडे काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांच्या मताने. दुरुस्तीत 'पती'च्या जागी 'जोडीदार' हा शब्द आला, आणि २९ सप्टेंबर २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं की अविवाहित स्त्रीला यातून वगळता येणार नाही. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची नको, आईवडिलांची नको. डॉक्टरांनी तिचं नाव गुप्त ठेवायचं असतं. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनीही होऊ शकतं, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. इंटरनेटवरून मागवलेल्या पाकिटाने नव्हे, कारण गर्भ नळीत असेल तर गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवावर बेततं. आणि आठवडे मोजतात ते मागच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, हे बहुतेक मुलींना माहीतच नसतं. पाळी आठवडाभर लांबली म्हणजे हिशेबाने पाच आठवडे झालेले असतात.

ती सगळं ऐकून म्हणाली, "आणि आईला?"

"ते तुझं तू ठरव. मी सांगणार नाही."

ताईपासून मी आजवर काही लपवलेलं नाही. त्या रात्री ताईचा फोन आला तेव्हा मी भाजीबद्दल बोलले. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. पण भाची माझ्याकडे आली ती याच भरवशावर, आणि तो मोडला असता तर पुढच्या वेळी ती कुणाकडेच गेली नसती.

मंगळवारी ती वैतागून म्हणाली, "आपल्याकडे हे कधी कुणी बोललंच नाही." मी म्हटलं, आपल्याकडे म्हणजे कुठे? मराठीत तर शंभर वर्षांपूर्वी बोललेत. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी काढलं होतं, म्हणजे आपण फार मागे नव्हतो. कर्वे विल्सन कॉलेजात गणित शिकवत. या कामापायी १९२५ साली ती नोकरी सोडावी लागली. १९२७पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं ते १९५३ साली मरेपर्यंत. खटले झाले, दंड झाले. १९३४च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. पत्नी मालतीबाई कमावून घर चालवत, म्हणून हे सगळं चाललं. लोकांचे प्रश्न पत्राने यायचे आणि कर्वे उत्तरं छापायचे. भाचीने गुरुवारी रात्री मला विचारलेल्या प्रश्नासारखेच प्रश्न.

आणि बंगळुरूचं म्हणाल, तर म्हैसूर संस्थानाच्या सरकारने ११ जून १९३०ला हुकूम काढला की संस्थानातल्या मुख्य इस्पितळांत संततिनियमन केंद्रं उघडावीत. सरकारने उघडलेली जगातली ही पहिली केंद्रं मानली जातात. म्हणजे माळेच्या बावीस वर्षं आधी इथे याहून शहाणा विचार झालेला होता! राज्यं बदलली, मंत्री बदलले आणि आपण मण्यांवर आलो. या गोष्टीचा मला दर वेळी नव्याने राग येतो.

शुक्रवारी पहाटे भाचीला पाळी आली. तिने मला उठवून सांगितलं. ठरल्याप्रमाणे पट्टीही केली, कारण रक्त दिसलं म्हणजे पाळीच असं दर वेळी नसतं. एकच रेघ. पाळीचं अंतर निघालं बेचाळीस दिवसांचं. चौदा वजा केले तर बीज अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास सुटलं असावं. शुक्राणूंचे पाच दिवस सत्ताविसाव्या दिवशी संपले. हिशेब ढोबळ आहे, पण तिने तो स्वतः केला आणि वही माझ्याकडे सरकवली. एक दिवस. दोघी काहीच बोललो नाही. मग ती ऑफिसच्या कॉलला बसली.

पुढच्या आठवड्यात आम्ही नीट साधनाची चौकशी करायला निघालो. पहिल्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी वर न बघता विचारलं, "लग्न झालंय?" नाही म्हटल्यावर, "मग कशाला हवंय? आईला घेऊन या." मी म्हटलं, मी मावशी आहे, आलेय. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिका आठवल्या. फी परत मिळाली नाही. दुसरीकडे, एका सरकारी इस्पितळाच्या कुटुंबनियोजन विभागात, एक सिस्टर होत्या. त्यांनी लग्नाचं विचारलंच नाही. विचारलं ते रक्तदाब, अर्धशिशी, सिगारेट, घरात कुणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे. खरे प्रश्न हेच असतात. मग त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडली, भाजीवाली वाटे मांडते तशी.

रोजची गोळी, सरकारी नाव माला-एन. छाया, ही लखनऊच्या सरकारी संशोधन संस्थेत तयार झालेली, हार्मोन नसलेली गोळी. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर आठवड्यातून एकदा. अंतरा, दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन. तांबी, पाच किंवा दहा वर्षांची. आणि निरोध. सरकारी केंद्रात हे सगळं फुकट.

भाचीला भीती होती की गोळ्यांनी पुढे मूल होत नाही. सिस्टर हसल्या. गोळी बंद केली की पाळीचं चक्र लवकर पूर्ववत होतं. इंजेक्शननंतर मात्र काही महिने जास्त लागतात, म्हणून वर्षभरात मूल हवं असेल तर ते घेऊ नये. मूल न झालेल्या बाईला तांबी चालत नाही, हाही जुना समज. चालते. निरोधचं एक काम दुसरं कुठलंच साधन करत नाही, ते म्हणजे आजारांपासून बचाव. पण नुसता निरोध, आपण माणसं वापरतो तसा वापरला, तर वर्षभरात शंभरातल्या तेरा जणींना दिवस राहतात. रोजच्या गोळीला सात, तांबीला एकीलाही पुरते नाही. काहीच वापरलं नाही तर पंच्याऐंशी. "शेवटच्या क्षणी बाजूला होतो" म्हणणाऱ्यांच्या जोडीदारणींपैकी वीस. हा शेवटचा आकडा ऐकून भाचीने फोन काढून कुणाला तरी मेसेज केला. कुणाला, ते मी विचारलं नाही.

तिने काय निवडलं ते तिचं. इथे लिहीत नाही. एवढं सांगते, निर्णय घ्यायला तो मुलगाही आला होता. बाहेरच्या बाकावर गुडघ्यावर हेल्मेट ठेवून दीड तास बसला. मला आवडला. आपल्या देशात बायकांच्या शस्त्रक्रियेवर कुटुंबनियोजनाचा डोलारा उभा आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती आणि पुरुषांची ०.३ टक्के. अशा देशात बाकावर बसणारा मुलगा म्हणजे काही थोडं नव्हे.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक जोडपं आहे, दोघंही पस्तिशीला टेकलेले. तिच्याही फोनमध्ये तेच ॲप, पण ती गुलाबी दिवसांची वाट बघते. भाचीची गोष्ट तिला सांगायचा प्रश्नच नव्हता, पण गच्चीवर कपडे वाळत घालताना ती एकदा म्हणाली, "काकू, दर महिन्याला ॲपने सांगितलेला तो एक दिवस पकडतो आणि दर महिन्याला पाळी येते." मी तिला तोच हिशेब उलटा करून दिला. एका दिवसाच्या मागे लागू नका. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवसांआड जवळ आलात की सहा दिवसांतला कुठला ना कुठला सापडतोच, आणि घरात परीक्षेचं वातावरणही राहत नाही. वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर वाट बघून डॉक्टरांकडे जायचं, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिन्यांनी. आणि जायचं ते दोघांनी, कारण वीर्याची तपासणी सोपी आणि स्वस्त असते. तरीही बाईच्या सगळ्या तपासण्या संपल्यावर तिची आठवण होते. मूल हवं असं ठरलं की त्याच दिवसापासून फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायची. गर्भाचा मणका घडतो तो दिवस गेल्याचं कळण्याच्या सुमारालाच.

वयाबद्दल घाबरवणारे फलक या शहरात सिग्नलसिग्नलला आहेत. बीजं गोठवून ठेवा म्हणतात. वयाचा परिणाम खरा आहे. तिशीनंतर हळूहळू आणि सदतिशीच्या पुढे वेगाने दिवस राहण्याची शक्यता उतरते, गर्भपात वाढतात. डाउन सिंड्रोमचं मूल होण्याची शक्यता पंचविशीत साधारण बाराशेत एक असते, पस्तिशीला साडेतीनशेत एक, चाळिशीला शंभरात एक. पण साडेतीनशेत एक म्हणजे बाकीच्या तीनशे एकोणपन्नास जणींना तसं होत नाही, हे फलकावर लिहिलेलं नसतं. आणि दुसऱ्या टोकाला, अठराच्या आतल्या मुलींच्या बाळंतपणातले रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, कमी दिवसांची बाळं, यांचा फलक कुणीच लावत नाही. त्यातून कुणाचा धंदा होत नाही ना.

महिन्याभराने भाचीने फोन केला. तिच्या पीजीतल्या मुलींना बोलायचंय, येशील का? एका रविवारी गेले. सहा जणी एका खोलीत, दोन पलंगांवर. एक हुबळीची, दोघी आंध्रच्या, एक नाशिकची. पंखा आवाज करत होता आणि खिडकीबाहेर मेट्रोचा पूल. मी रामनगरपासून सुरुवात केली. हसल्या. मग प्रश्न आले. दूध पिताना, म्हणजे अंगावर पाजताना, दिवस राहतात का? (राहू शकतात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी सुरू नाही आणि बाळाला दुसरं काहीही देत नसाल, या तिन्ही गोष्टी असतील तेव्हाच शक्यता फार कमी असते.) पाळी चालू असताना? (राहू शकतात, पाळी लवकर येणारी असेल तर.) पहिल्याच वेळी? (हो.) नाशिकच्या मुलीने सगळं वहीत लिहून घेतलं, आकड्यांसकट.

हुबळीची मुलगी काहीच बोलली नव्हती. मी चपला घालत होते तेव्हा ती जिन्यात आली. कन्नडमध्ये म्हणाली, आंटी, मला दोन-दोन महिने पाळीच येत नाही. ॲप म्हणतं, माहिती अपुरी. घरी सांगितलं तर म्हणतात, लग्न झालं की सगळं ठीक होईल.

ॲप पहिल्यांदाच खरं बोललं होतं. मी तिला सांगितलं, आधी थायरॉइड आणि अंडाशयाची तपासणी करू, लग्नाचं नंतर बघू. त्याच सरकारी इस्पितळातल्या सिस्टरना फोन लावला. बुधवारी चार वाजता बोलावलंय. ती एकटी जायला घाबरते, म्हणून मी सुबकाऱ्यांच्या, म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांच्या जुन्या आठवड्याच्या शिकवणीला सुट्टी दिली आहे.